पेटीतली पुस्तकं आणि खडपावरची बाई

२०२१ साल होतं. शाळांना कुलपं लागून दुसरा पावसाळा सुरू झाला होता. गोव्याच्या सीमेजवळच्या कुंभारवाडा गावाच्या वरच्या अंगाला जंगलात पाच घरांची एक वाडी आहे. तिच्यातल्या शेवटच्या घरात अनुसया आणि तिची नऊ वर्षांची नात मयूरी अशा दोघीच राहत होत्या. मयूरीचे आईबाप, शिवानंद आणि श्वेता, गोव्यात एका कारखान्यात कामाला. मागच्या मार्चात सगळं बंद झालं तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून शिवानंदनं पोरीला आईजवळ आणून सोडलं होतं. ते पंधरा दिवस अजून सरले नव्हते.

अनुसयेची त्याबद्दल तक्रार नव्हती. नवरा, भिकाजी, जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन माणसांचा भात टाकायची हाताची सवय मोडायला तिला पुरतं वर्ष लागलं होतं. मयूरी आली तशी ती सवय आपोआप परत आली. पहिल्याच दिवशी तांदूळ बरोबर पडले.

जूनमध्ये शिवानंद एक दिवसासाठी येऊन गेला. येताना नवा फोन घेऊन आला. पडवीत टेकायच्या आधीच म्हणाला, "आई, शाळेच्या बाईंचा फोन आलता. हिनं वर्षभरात एक ओळ लिहून पाठवलेली न्हाई."

"इथं रेंज हाय कुठं पाठवायला?"

"पाठवायचं सोड. लिहिता तरी येतंय का बघू." त्यानं मयूरीपुढं वही सारली. "माझे घर. चार ओळी लिही."

पोरीनं 'माझे घर' एवढं लिहिलं, आणि पेन्सिल दातात धरून बापाच्या तोंडाकडं बघत बसली. शिवानंदनं वही मिटली.

"चवथीपर्यंत वाट बघतो," तो म्हणाला. चवथ म्हणजे गणपतीचा सण, अडीच महिन्यांवर आलेला. "तोवर हिनं आपलं आपण पानभर लिहिलं, तर राहू दे इथं. न्हाईतर मी घेऊन जातो."

"नेऊन ठेवणार कुठं? तुम्ही दोघं बारा बारा तास कामावर."

"श्वेताची भन हाय की मडगावात, सुशीला. तिच्याकडं ठेवू."

अनुसया उठून चुलीकडं गेली आणि विझलेला जाळ फुंकत बसली.

जायच्या आधी त्यानं फोनमधलं एक चौकोनी चित्र दाखवलं. मुलांना घरच्या घरी लेखन कसं शिकवावं याचं प्रशिक्षण होतं ते, तीस व्हिडिओंचं. "हे पोरीला न्हाई. तू शिकायचंस."

"मी? मी सातवी पास हाय."

"म्हणून तर तुला सांगूलालोय. वाडीत दुसरं कोण हाय?"

ते खरंच होतं. अनुसयेचं माहेर खानापूर तालुक्यातलं. सहासष्ट साली ती तिथल्या मराठी शाळेत सातवी झाली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन या जंगलात आली. तेव्हा वाडीत अक्षर ओळखणारी बाई दुसरी नव्हती. तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली होती. तिच्यात शुद्धलेखनाचं, निबंधांचं आणि पत्रलेखनाचं अशी तीन पुस्तकं होती. निगडीचा पाला घालून घालून तिनं ती कसरीपासून राखली होती. आता एका बाजूला ही पेटी आणि दुसऱ्या बाजूला तो फोन. अडीच महिन्यांत दोन्ही वाटा चालून व्हायच्या नव्हत्या. एकच धरावी लागणार होती.

पोरगा इतक्या हौसेनं घेऊन आला म्हणून तिनं आधी फोन धरला.

रेंज यायची ती म्हशींच्या खडपावर. वाडीमागच्या डोंगराला अर्धा तास चढलं की काळ्या खडकाचं मोठं पठार लागतं, तिथं म्हशी चरायला सोडतात. दोघी छत्री धरून बसल्या. पडद्यावर एक बाई आल्या. पुण्याकडच्या असाव्यात. मागं पांढरी भिंत, कुंडीत एक झाड, अंगावर निळी साडी.

"नमस्कार पालकहो," बाई म्हणाल्या.

"नमस्कार बाई," अनुसया म्हणाली.

मयूरी हसून लोळली. "ती ऐकत न्हाई आज्जे."

"न्हाई तर न्हाई. कुणी नमस्कार केला की करायचा असतोय."

बाई म्हणाल्या, घरात मुलासाठी एक शांत कोपरा निवडा. अनुसया पुटपुटली, "सगळं घरच शांत हाय, बाई." मग बाईंचं तोंड उघडंच राहिलं आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तो फिरतच राहिला. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, मूल लिहीत असताना त्याच्या चुका दुरुस्त करू नका. अनुसयेनं फोन बंद करून कमरेला खोचला. तिच्या गुरुजींनी चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहून घेतला होता, म्हणून तर तिला लिहिता येत होतं.

खाली उतरताना शेजारची पुतळी बांधावर भेटली. "काय गे अनुसया, म्हसरं चारायच्या जागी शाळा भरवूलालीस म्हणे."

"ये की. तुझंबी नाव घालते."

"माझं अंगठ्यावर भागलंय. तोबी भात लावून लावून झिजलाय, आता सरकार त्यालासुद्धा ओळखत न्हाई."

मग पाऊस वाढला, अणशीच्या घाटात दरड कोसळून कारवारकडचा रस्ता बंद झाला, आणि खडपावर जाणं अवघड झालं. अनुसयेला आयतंच निमित्त मिळालं. तिनं पेटी उघडली.

जुलै आणि अर्धा ऑगस्ट पुस्तकांवर गेला. तिला जसं शिकवलं गेलं तसंच तिनं शिकवलं. आधी अनुलेखन, मग शुद्धलेखन, मग पत्र. मयूरीचं अक्षर महिन्याभरात असं वळणदार झालं की अनुसया वही लांब धरून नुसती बघत राहायची. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे,' अशी सुरुवात पोरगी न बघता लिहायला लागली.

"आज्जे, क्षेम म्हणजे?"

"बरं हाय असं."

"आणि बरं नसंल तर?"

"तरीबी पहिल्यांदा हेच लिहायचं."

हे नुसतं पुस्तकातलं नव्हतं, वाडीतलीही रीत तीच होती. वाईट बातमी कागदावर चढवायची नाही. कागद वाटेत कुणाच्याही हाती लागतो, आणि ज्याच्या हाती लागतो तो एकटा असला तर काय करील? वाईट ते माणसानं पायी जाऊन, समोर बसून, पाणी पिऊन झाल्यावर सांगायचं. चाळीस वर्षं अनुसयेनं वाडीतल्या बायकांची पत्रं याच रीतीनं लिहिली. बाया पडवीत बसून रडत सांगायच्या, आणि ती कागदावर क्षेम लिहायची.

ऑगस्टच्या मध्याला तिनं खडपावर जाऊन मयूरीच्या निबंधाचा फोटो पाठवला. तिथंच उभी असताना शिवानंदचा फोन आला.

"आई, हे तिचं न्हाई."

"अक्षर बघ की."

"अक्षर चांगलं हाय. पण लिहिलंय कुणी? आमची गाय गोठ्यात असते म्हणं. आपल्याकडं गाय कुठं हाय? म्हस हाय. हे पुस्तकानं लिहिलंय. तीन आठवडे राहिल्यात आई. मी सुशीलाला सांगून ठेवलंय."

त्या संध्याकाळी मयूरी झोपल्यावर अनुसयेनं तिची वही पहिल्या पानापासून चाळली. एवढ्या पानांत पोर कुठंच नव्हती. आपल्याच हाताचं वळण बारीक होऊन पानापानावर उतरलेलं तिला दिसलं. पोरगी गेली तर घरात वहीसुद्धा आपलीच राहील, असं तिच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उजाडता उजाडता, पोरगी उठायच्या आत, इरलं डोक्यावर घेऊन एकटीच खडपावर जायला लागली. बाईंचं काय चुकतं ते बघायला आता वेळ नव्हता, बाई सांगतील ते ऐकायचं होतं. रेंज नीट नसायची. दोन वाक्यं झाली की बाई थांबायच्या. पहिले दोन दिवस अनुसया ते गोल फिरणं बघत गप्प बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "थांबा बाई, मीबी दम घेते." चौथ्या दिवशी तिनं बाईंना मयूरीचं सांगितलं. मग पुतळीचं. मग एकदा, गोल फारच वेळ फिरत राहिलं तेव्हा, भिकाजीचं. तो कसा कोनाची भाजी मागून मागून खायचा, आणि शेवटच्या दिवशी ती केली होती तेव्हा त्याला ती गिळवेना. कोन हा त्या जंगलातला मोठा कंद, पावसाळा सरल्यावर खणतात. हे तिनं शिवानंदलाही सांगितलं नव्हतं. बाई मध्येच हलल्या आणि म्हणाल्या, आता आपण पुढच्या मुद्द्याकडं वळू.

अकराव्या व्हिडिओत बाई म्हणाल्या, मुलाला विषय देऊ नका. फक्त विचारा, तू असं काय पाहिलंस जे दुसऱ्या कुणी पाहिलं नाही? आणि मग गप्प बसा. कितीही वेळ लागला तरी गप्प बसा. लिहून झालं आणि मुलानं आपणहून दिलं, तरच वाचा.

फोन हातात तसाच चालू ठेवून, हेच मनात घोळवत ती उतरायला लागली आणि शेवाळावरून पाय सुटला. उजवा गुडघा खडकावर आपटला. फोन गवतात जाऊन पडला आणि तिथून बाई बोलतच राहिल्या. अनुसयेला उठता येईना. बराच वेळ ती आभाळाकडं तोंड करून पडून होती. पाऊस तोंडावर पडत होता आणि तो चुकवायला मान वळवावी असंही वाटेना. मग डोक्याशी मयूरी येऊन उभी राहिली.

"तू कशी आलीस?"

"अशीच."

पोरीच्या खांद्याचा आधार घेत ती घरी आली. उंबऱ्यात म्हणाली, "पुतळीला सांगू नकोस. बाबाला तर मुळीच न्हाई. समजलं?" मयूरीनं मान हलवली.

चार दिवस गुडघ्याला पाला बांधून गेले. पाचव्या दिवशी दुपारी, कुळीथ निवडता निवडता अनुसयेनं पोरीला विचारलं, "बाईंनी एक विचारायला सांगटलंय. तू असं काय बघितलंस, जे दुसऱ्या कुणी बघितलं न्हाई?"

मयूरी गप्प. अनुसयाही गप्प. कुळथातले खडे संपले तरी ती निवडत राहिली. केव्हातरी पोरीनं वही ओढली. पेन्सिल दातात गेली, परत बाहेर आली, आणि मग थांबली नाही. पान भरलं. मयूरीनं ते आजीच्या सुपात ठेवलं आणि बाहेर म्हशीकडं निघून गेली. अनुसयेनं चष्मा पुसला.

'आज्जी पहाटे खडपावर जाते. मी झोपले आहे असे तिला वाटते. मी तिच्या मागून जाते आणि झाडाआड बसते. आज्जी फोनमधल्या बाईंशी बोलते. बाई थांबल्या की आज्जी बोलते. तिने बाईंना आजोबांचे सांगितले. बाईंनी ऐकले नाही. त्या त्यांचेच सांगत होत्या. तरी आज्जी रोज सांगते. माझ्याशी ती एवढे बोलत नाही. मला ती लिहायला सांगते.

एक दिवस उतरताना आज्जी पडली. मी बघितले. ती उठली नाही. मला वाटले आजोबांसारखे झाले. मी जवळ जायला घाबरले. मी शंभर मोजले. मग गेले. तिचे डोळे उघडे होते. ती म्हणाली कुणाला सांगू नकोस. मी सांगितले नाही. आता बाईंनी विचारले म्हणून लिहिते. तिचा गुडघा भोपळ्यासारखा झाला आहे. ती झोपेत कण्हते. मी पडले तर आज्जी येईल. आज्जी पडली तर मी कुणाला बोलवू.'

ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका होत्या. अनुसयेनं पेन्सिल उचललीही नाही. 'मी शंभर मोजले' या ओळीवर तिची नजर परत परत जात राहिली.

पान भरलं होतं. पोरीचंच होतं. शिवानंदनं घातलेली अट पुरी झाली होती. पण हे पान त्याच्या हाती गेलं तर तो काय करील, हे कळायला सातवी पास असायची गरज नव्हती. तिनं पान मध्ये दुमडून पाहिलं. वरचा भाग तेवढा फोटोत धरला तर? त्यात आज्जी बाईंशी बोलते, बस. पोराला हसू येईल. म्हणेल, आई, आता लिहितेय की ती. राहू दे. खालची घडी कुणाला दिसायची नाही, आणि पडण्याचं काय ते चवथीला तो समोर आला की सांगता येईल. रीतीनंच होईल ते.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत चढली. मयूरीला म्हणाली, "चल बरोबर. आता लपून कशाला येतीस." खडपावर पोचल्यावर तिनं पान गुडघ्यावर ठेवलं, घडी घातली, फोन वर धरला. आणि तिला काशी आठवली.

काशी तिसऱ्या घरातली. विधवा. पोरगा गणपती बेळगावात हॉटेलात कामाला. या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली असतील. काशीला खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा ती पडवीत येऊन म्हणाली, "लिही गे, येऊन जा म्हणावं. मला बरं न्हाई." अनुसयेनं कार्डावर लिहिलं, इकडे सर्व क्षेम आहे, सवड झाली की येऊन जा. खरं काय ते पुतळीचा नवरा झिलू सांगणार होता. तो सोमवारी रामनगरच्या बाजाराला जायचा, तिथून बेळगाव गाठणार होता. त्या सोमवारी ओढ्याला पाणी आलं. पुढच्या सोमवारीही. गणपती आला तो काशी जाऊन अकरा दिवस झाल्यावर. तो कुणावर चिडला नाही. अनुसयेच्या पडवीत बसला, पाणी प्याला, खिशातून ते कार्ड काढलं आणि म्हणाला, "काकी, ह्यात सवड झाली की असं लिहिलंय. मी सवड बघत बसलो."

त्यानंतरही अनुसयेनं पत्रं लिहिली, आणि तशीच लिहिली. दुसऱ्या रीतीनं लिहिता येत नव्हतं, आणि कुणी शिकवलंही नव्हतं.

"आज्जे, कर की फोटो. हात दुखतोय धरून." मयूरी छत्री धरून उभी होती.

अनुसयेनं घडी उघडली. अंगठ्यानं पान सपाट केलं आणि आख्ख्या पानाचा फोटो काढला. पाठवल्यावर फोन कमरेला खोचून बसून राहिली. 

तिसऱ्या दिवशी शिवानंद आला. घाट बंद म्हणून अनमोड, रामनगर, जगलबेट असा वळसा घालून, कुंभारवाड्यापासून चालत. पहिल्यांदा गुडघा बघितला, मग बोलला.

"मला कळवायचं न्हाई?"

"कळवलं की. पान पाठवलं."

"तू चल माझ्याबरोबर."

"भात पोटरीला आलंय. आता सोडलं तर डुकरं एक लोंबी ठेवायची न्हाईत. आणि म्हस?"

शिवानंदला हे उत्तर ठाऊक होतं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मग हिला तरी नेतो. तू आता पडलीस तर हिनं किती मोजायचं, आई?"

मयूरी दारात होती. "मी लिहिलं की पानभर. तू म्हटलंतंस लिहिलं तर राहू दे."

बाप परत आईच्या गुडघ्याकडं बघायला लागला. ती आजीकडं वळली. "तू दाखवायचं न्हवतंस."

"तू मला दिलंस, म्हणून मी वाचलं," अनुसया म्हणाली.

"तुला दिलतं. त्याला न्हाई."

अनुसया भिंतीला धरून उठली. तिनं पोरीचे कपडे घडी करून पिशवीत भरले. चवथ पाळून, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, बापलेक निघाले. मयूरी पाया पडली पण तोंड वर केलं नाही. पुतळी वाटेपर्यंत पोचवायला गेली आणि परत येऊन अनुसयेच्या पडवीत बसून राहिली. त्या दिवशी अनुसयेनं तांदूळ घेतले, आणि अर्धे परत डब्यात ओतले.

त्या वर्षी भात चांगलं आलं. सुगी झाल्यावर शिवानंद आईला गोव्याला घेऊन गेला. ती तिथं पंधरा दिवस राहिली आणि म्हशीचं कारण सांगून परत आली. गुडघा पुरता सरळ झाला नाही, मांडी घालून बसणं कायमचं गेलं. प्रशिक्षणाची मुदत संपली तेव्हा उरलेले एकोणीस व्हिडिओ तसेच राहिले. पेटीतली पुस्तकं तिनं कुंभारवाड्याच्या अंगणवाडीच्या बाईंना देऊन टाकली. बाईंनी घेतली, पण मुलांना त्यातलं काही वाचता येण्यासारखं नव्हतं.

पुतळी दोन वर्षांनी लेकीकडं रामनगरला राहायला गेली आणि तिथंच वारली. झिलू तिच्या आधीच गेला होता. गणपती अजून बेळगावात आहे. त्याची आता स्वतःची छोटी खानावळ आहे. काशीचं घर पडलं, जोतं तेवढं दिसतं. शिवानंद आणि श्वेता दोघंही त्याच कारखान्यात आहेत, पण एकाची पाळी दिवसाची आणि एकाची रात्रीची करून घेतली, म्हणजे पोरगी कधी एकटी नसते. सुशीलाकडं ठेवायची वेळ आली नाही.

मयूरी आठवीत आहे. शाळेच्या भिंतीवर तिचं लिहिलेलं लावतात, असं शिवानंद सांगतो. ते काय असतं ते अनुसयेनं वाचलेलं नाही. पोरगी पाठवत नाही, आणि ती मागत नाही. मे महिन्यात येते. गेल्या मे महिन्यात बारा दिवस राहिली. पाचव्या दिवशी स्वतःहून आजीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबांना कोनाची भाजी आवडायची न्हवं? ते सांग मला." अनुसयेनं सांगितलं. पोरीनं मध्येच काही विचारलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली.